केसांवर घेतलेला डबा

केसांना फाटे फुटले की बायका माझ्याकडे येतात आणि कात्री सोडून काहीही लाव म्हणतात. अंडं लाव, दही लाव, जास्वंद लाव, नाहीतर मोबाईलवर बघितलेली ती सोनेरी बाटली लाव. मी सगळ्यांना एकच सांगते. केस टोकाशी एकदा सोलला गेला की तो कशानेही जोडला जात नाही. बाटलीतलं क्रीम दोन धुण्यांपुरतं चिकटवून दाखवतं, मग पुन्हा आहे तेच. वेळेवर कापलं नाही तर फाटा वर चढतो आणि केस अधेमधेच तुटतो. तेव्हा बोटभर कापा आणि मोकळ्या व्हा. पण ऐकतं कोण? हसनाबादेत पार्लर चालवते म्हणून लोकांना वाटतं माझी कात्री दिवसभर चालत असेल. खरं तर ती भुवयांचा दोरा आणि मेंदीचे कोन यांच्याखाली दबून पडलेली असते.

म्हणून आमची अक्षता लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आली आणि स्वतःहून खुर्चीत बसून म्हणाली, "आत्या, बारीक कर. पोरांसारखे कर," तेव्हा मी हसले.

अक्षता माझ्या भावाची, देवानंददादाची एकुलती एक मुलगी. मी नवऱ्याचं घर सोडून दादाकडे आले तेव्हा ती रांगत होती. दादाने घराची रस्त्याकडची खोली मला दिली, मी तिथे आरसा लावला, खुर्ची मांडली आणि तेव्हापासून तिथेच आहे. गावातल्या बायकांचे केस मी पैसे घेऊन सांभाळले, अक्षताचे मात्र हौसेने. दर रविवारी तेल, आंघोळीआधी शिकेकाई, झोपताना सैल वेणी. वेणी कमरेच्या खाली आली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला नाच येवो न येवो, पहिल्या रांगेत उभी करायचे ते त्या वेणीसाठी.

तिला बघायला अंकुशनगरहून सूरजची माणसं आली तेव्हाची गोष्ट. चहा अर्धा पिऊन त्याची आई द्वारकाबाई उठल्या, अक्षताच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, वेणीचा गोंडा सोडला आणि मुळापाशी बोटं घालून चाचपू लागल्या. गंगावन तर लावलं नाही ना, याची खात्री करत होत्या. आमच्याकडे ही रीत आहे, नवीन नाही. तरी माझ्या जिभेवर आलं होतं की बाई, गाय घ्यायला आलात का? गिरिजावहिनीने मला चिमटा काढला. द्वारकाबाईंनी वेणी हातात तोलून पाहिली, सूरजकडे बघून मान हलवली आणि तिथल्या तिथे पसंती सांगितली. सूरज साखर कारखान्यात नोकरीला. हळू बोलणारा, खाली बघून हसणारा. वहिनीला तो फार आवडला. विहारात लग्न लागलं तेव्हा पांढऱ्या साडीवरची ती काळी वेणी बघायला बायका माना लांब करत होत्या, आणि मला उगाचच मीच नवरी असल्यासारखं वाटत होतं.

तीच पोरगी आता बारीक कर म्हणत होती. मी मांडीवर पांढरा टॉवेल पसरला, तिचे केस त्यावर टाकले आणि चष्मा लावला. माझं डोकंच फिरलं. टोकं खराट्यासारखी झाली होती. एकेका केसाला दोन-दोन, तीन-तीन फाटे. कुठे टोकाच्या वर पांढरा ठिपका, म्हणजे तिथून आज ना उद्या तुटणार. मी तिला फैलावर घेतलं. ओल्या केसांत कंगवा घालतेस का? टॉवेलने झोडपतेस का? ते केस सरळ करायचं तापतं यंत्र तर घेतलं नाहीस ना? ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तिकडचं पाणी खारं हाय, आत्या."

झालं. पाण्याचं नाव निघालं आणि दादा दारात येऊन उभा राहिला.

आमच्या घरात पाणी म्हणजे साधी गोष्ट नाही. आमच्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. कुणाला दया आली आणि त्याने वरून ओतलं तर खाली ओंजळ धरायची. बाप कर्ता झाला तसा त्याने स्वतःच्या वावरात पहार घेतली आणि आईला बरोबर घेऊन विहीर खोदली. गोडं पाणी लागलं, इतकं की ज्यांनी आज्याला खाली उभं केलं होतं त्यांची नातवंडं उन्हाळ्यात आमच्याकडे घागरी घेऊन आली. दादा अजूनही पाहुण्याला चहाच्या आधी ते पाणी देतो आणि पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. ताप, पोटदुखी, पित्त, सगळ्यांवर त्याचा एकच उपाय, आपल्या विहिरीचं पाणी. तेव्हा पोरीचे केस खाऱ्या पाण्याने बिघडले म्हटल्यावर त्याने दुसरा विचारच केला नाही.

त्याने तेलाचे रिकामे दोन डबे आणले, राखेने घासले, उन्हात वाळवले आणि विहिरीच्या पाण्याने भरले. हसनाबादहून जालना, जालन्याला गाडी बदलून अंबडच्या पुढे अंकुशनगर. अर्धा जिल्हा ओलांडून हा माणूस एसटीने पाणी घेऊन जाऊ लागला. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. कंडक्टर ओळखीचे झाले. काहीजण सामानाचं तिकीट फाडायचे, काहीजण हात जोडायचे. चौकातल्या टपरीवर तातेराव त्याला चिडवायचा, "देवानंद, लेकीला पाणी पोचवून राह्यला, का हळूहळू विहीरच तिकडं न्यायचा इचार हाय?" दादा म्हणाला, एसटीत मावली असती तर विहीरच नेली असती.

मीही हातभार लावला. अक्षताची टोकं दोन बोटं कापली आणि तिला पढवून पाठवलं. डोक्यावरून न्हायच्या आधी टोकांना खोबरेल लाव. रुंद दातांची फणी वापर, खालून वर विंचरत जा. रबर नको, कापडी बंद घे. केस वाळवताना दाबून घे, चोळू नको. ती हो हो म्हणत होती. फक्त निघताना वेणी पुढे घेऊन म्हणाली, "बारीक केले असते तर बरं झालं असतं." वहिनी आतून ओरडली, "खबरदार. केस बघून केली त्यांनी तुला."

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी उत्साहाने टॉवेल पसरला. एवढं गोडं पाणी, एवढं खोबरेल, फरक दिसायलाच हवा. टोकं थोडी बरी होती. पण उजव्या कानामागे माझी बोटं अडली. रुपयाएवढी जागा विरळ झाली होती आणि तिथे पेरभर लांबीचे आखूड केस ताठ उभे होते. हे फाट्यांचं काम नाही, हे मला कळत होतं. फाटा खालून वर येतो, असा एका जागी मुळापाशी बसत नाही. पण मला काय, मी लगेच कारण शोधून दिलं. घट्ट बांधतेस, एकाच कुशीवर झोपतेस, उशीची खोळ जाडीभरडी असेल. ती म्हणाली, असेल.

आणखी एक गोष्ट झाली. मान खाली करावी म्हणून मी मागून तिच्या मानेवर हात ठेवला, तर तिचे खांदे कानापर्यंत गेले आणि अंग लाकडासारखं झालं. लहानपणी तिला मानेला गुदगुल्या व्हायच्या. मी विचारलं, अजून होतात का गं? ती हसली. मीही हसले, आणि पुन्हा दोन बोटं कापून तिला पाठवून दिलं.

त्यानंतर दादाची कंबर धरली. डबे उचलून उचलून धरली हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तो पडल्या पडल्या कण्हत होता आणि पोरीकडचं पाणी संपलं असेल म्हणत होता. शेवटी वैतागून मीच पार्लरला कुलूप लावलं, डबे घेतले आणि निघाले. जालन्याच्या स्टँडवर एका कंडक्टरने डबे बघूनच विचारलं, मास्तर आले नाहीत का आज? दादा आयुष्यात कधी मास्तर नव्हता. एवढं पाणी वाहणारा माणूस शिकलेलाच असणार, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असेल.

द्वारकाबाईंनी स्वागत चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. सूरज कामावर होता. मी डबे ओट्यावर ठेवले आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. साबण हातावर फिरवला आणि मनगटापर्यंत फेस आला. पांढरा, जाड, बुडबुड्यांचा फेस. मी तशीच उभी राहिले. खाऱ्या पाण्याला फेस येत नाही, साबणाचा चोथा होतो आणि हात चिकट राहतात. माझा सगळा धंदा पाण्यावर चालतो, मला हे कुणी सांगायला नको. पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. आमच्या विहिरीसारखं गोड नव्हतं, पण खारं तर बिलकुल नव्हतं.

बाहेर आले तर शेजारच्या सरदारबी मला बघायला आल्या होत्या. म्हाताऱ्या, पण पांढरी वेणी मनगटाएवढी जाड. दोन्ही घरांना एकाच बोअरचं पाणी, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. मी त्यांना केसांना काय लावता विचारलं. "खोपरे का तेल, और क्या," त्या म्हणाल्या, आणि अक्षताकडे एकदा बघून पदर सावरत निघून गेल्या.

मग पोहे आले, पोह्यांवर चिवडा आला. चिवडा एका नव्याकोऱ्या स्टीलच्या डब्यातून काढला. झाकणाचा, चांगला जड डबा. डबा चांगला आहे, मी म्हणाले. द्वारकाबाई खुशीने म्हणाल्या, "सुनेच्या केसांवर घेतला."

आमच्या भागात बायका विंचरताना निघालेले केस फेकत नाहीत. बोटाला गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात नाहीतर पिशवीत ठेवतात. केसवाली बाई डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येते, केस तोलते आणि त्यांच्या वजनाचं भांडं देते. घरातल्या सगळ्या बायकांचे मिळून पुष्कळ महिन्यांनी एखादी वाटी येते. फार तर ताटली. डबा कधी येत नाही. मी तसं म्हणाले. एका सुनेच्या केसांवर एवढा डबा?

"लांब हायत ना. लांब केसाला भाव जास्त. आन् तिचे गळत्यात बी लई," असं म्हणत त्यांनी दारामागच्या खिळ्यावरची पिशवी काढून दाखवली. डब्यानंतर पुन्हा एवढे साठले होते.

मी पिशवीत हात घातला. वर कंगव्यातले गुंते होते, असतात तसे. गळलेला केस एकेकटा येतो, गुंत्यात त्यांची मुळं दहा दिशांना असतात. त्याखाली माझ्या बोटांना सरळ काहीतरी लागलं. मी ओढून काढलं. करंगळीएवढी जाड बट होती, कमरेएवढी लांब, आणि तिची सगळी मुळं एका टोकाला. वाफ्यातून उपटलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखी. खाली तसलीच आणखी एक होती.

"हे कसं?" मी विचारलं.

द्वारकाबाईंनी माझ्या हातातून बट घेतली, पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. "गळत्यात," त्या म्हणाल्या. या वेळी त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पोहे तसेच ठेवून मी आत अक्षताच्या खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. खाटेखाली दादाचे जुने डबे दिसले. एक भरलेला, एक अर्धा, अर्ध्यावर पेला पालथा घातलेला.

"यानं केस धुत न्हाईस का तू?"

"पिते," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं. बाबा येवढं ओझं घेऊन येत्यात, ते डोक्यावर कसं ओतू?"

मी दार लोटलं, तिच्याजवळ बसले आणि तिच्या उजव्या कानामागचे केस बाजूला केले. आता जागा रुपयापेक्षा मोठी होती. मी काही विचारलं नाही. सूरज, एवढंच म्हणाले.

तिने हातातली घडी पुरी केली. "चिडला की त्याला काहीतरी हातात लागतं. वेणी हाताशीच असती." मग पुढचा कपडा उचलत म्हणाली, "म्हणून तुला म्हन्ले ना बारीक कर. धरता येणार न्हाई इतके."

फाट्यांचं शास्त्र सांगणारी मी! रबर लावू नको, टॉवेल चोळू नको. माझ्या खुर्चीत बसून पोरगी काय मागत होती आणि मी तिला फणीचे दात समजावत होते. मला स्वतःची इतकी चीड आली की रडूही येईना. मी उठले, कपाटावरची तिची बॅग काढली आणि कपडे भरायला लागले. ती नको नको म्हणत होती, हात मात्र तिचेही भरत होते.

द्वारकाबाईंना सांगितलं की केस फार बिघडलेत, घरी नेऊन औषध करते. त्यांनी अडवलं नाही. उलट म्हणाल्या, "न्या, चांगले दुरुस्त करून आणा." आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, "पण कापू नका बरं का."

घरी आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. वहिनी चुलीपाशी उभी होती, ती तशीच खाली बसली. आधी तिला खरं वाटेना. मग म्हणाली कोणत्या घरात होत नाही, तरुण रक्त आहे, समज देऊ, चार माणसं घालू. मी म्हणाले, परत पाठवायचं नाही. तेव्हा ती माझ्याकडे बघून बोलली, "तुला काय होतंय बोलायला? एक हायच घरात. आता लोकांनी दुसरी बी मोजायची का?"

इतक्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. लागलं, फार लागलं. पण ती घाबरून बोलत होती हे दिसत होतं, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. माझ्यासाठी ते सोपं नसतं.

दादा खाटेवर उठून बसला होता. त्याने अक्षताला जवळ बोलावलं, दाखव म्हणाला. तिने केस बाजूला केले. त्याने चष्मा लावला आणि कपाशीच्या पानामागे कीड बघावी तसा वाकून बघत राहिला. वहिनीही उठून आली आणि त्याच्या खांद्यावरून बघून मागे सरली.

"मंग पाणी खराब नव्हतं?" त्याने विचारलं.

"न्हाई बाबा."

तो चप्पल न घालताच बाहेर गेला. कंबर धरलेली, चालता येत नव्हतं, तरी वावरात विहिरीपर्यंत गेला. मी मागे गेले तेव्हा काठावर हात टेकून आत बघत होता. "येवढ्या खेपा केल्या, बेबी," तो म्हणाला. "दर खेपेला पोरगी दारात उभी राह्यची. आन् मी आधी डबे खाली ठिवून बघायचो, पाणी सांडलं तर न्हाई." माझा भाऊ रडत होता. आई गेली तेव्हाही त्याला असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

सूरज रविवारी आला. मोटारसायकलीच्या हँडलला सफरचंदांची पिशवी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर तेच खाली बघून हसणं. पाया पडला. दादाने त्याला रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं. पण या वेळी तो त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. अक्षता पार्लरमध्ये माझ्या मागे उभी होती. मधला दरवाजा उघडा होता.

सूरज म्हणाला की केसांचं काय एवढं, जालन्यात चांगला डॉक्टर दाखवू, खर्चाचं बघू नका. ओसरीवर दादाचे दोन्ही डबे घासून पालथे घातलेले होते. त्यांच्याकडे बघत म्हणाला, "पाणी भरून द्या मामा, आता गाडीवरच नेतो. तुम्हाला येवढा त्रास नको."

"पाणी न्यायचं काम न्हाई," दादा म्हणाला. "तुमच्याकडचं पाणी चांगलं हाय. बेबीनं पाह्यलं. आन् अक्षता येणार न्हाई."

सूरजच्या कानशिलावरची शीर उडताना मी पाहिली. पण आवाज त्याने चढवला नाही. उलट दुखावल्यासारखा म्हणाला, "मामा, मी तिच्यावर कधी हात उचलला न्हाई. विचारा तिला. एक चापट मारलेली न्हाई आजपर्यंत. नुसती वेणी धरली."

त्याला ते खरंच वाटत होतं, हे माझ्या अंगावर आलं. शपथ घेतल्यासारखा सांगत होता.

"वेणी म्हंजी बैलाची वेसण हाय का?" दादाने विचारलं.

सूरज वहिनीकडे वळला, मामी, तुम्ही तरी सांगा म्हणाला. तोवर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभी होती. कालपर्यंत ती मला चार माणसांची नावं सांगत होती, कुणाला मध्ये घालायचं म्हणून. ती पुढे आली, सफरचंदांची पिशवी उचलली, बाहेर जाऊन त्याच्या गाडीच्या हँडलला अडकवली आणि परत येऊन त्याच्यासमोरचा रिकामा पेला आत घेऊन गेली. सूरज थोडा वेळ बसला, मग उठला.

इथे सगळं निभावलं असं मी म्हणणार नाही. द्वारकाबाईंचा फोन येतो, कधी गोड, कधी कडू. त्यांच्या बाजूची चार माणसं यायची आहेत, वकील बघायचा आहे, चौकात तातेराव आता पाण्यावरून चिडवत नाही आणि ते चिडवण्यापेक्षा वाईट वाटतं. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की अक्षताचा हात मानेवर जातो. वहिनी दिवसातून एकदा तरी पुढे कसं होईल म्हणून बसून राहते, आणि मग उठून पोरीच्या ताटात जास्तीची भाकरी वाढते.

सूरज गेला त्या संध्याकाळी दादाने विहिरीचं पाणी आणलं, वहिनीने ते चुलीवर कोमट केलं आणि अंगणात अक्षताला पाटावर बसवून तिचे केस धुतले. मी मध्ये पडले नाही. केस वाळल्यावर ती माझ्या खुर्चीत येऊन बसली. मी टॉवेल पसरला आणि कात्री काढली. मागून हात लावायच्या आधी आता मी सांगते, लावते हं. तिने मान हलवली.

मी विचारलं, "करू बारीक? वहिनी काही म्हणणार न्हाई आता."

तिने सगळे केस उजव्या हाताने पुढे घेतले आणि आरशात बघत राहिली. कानामागची जागा भरायला पुष्कळ दिवस लागतील, ते तिला मी सांगितलेलंच होतं.

"नको," ती म्हणाली. "फक्त फाटे काढ. बाकीचे माझे हायत."

मी टोकं बोटांत धरली, खालून बोटभर मोजली आणि कापायला सुरुवात केली.